गुडघ्याला जामीनदार

बँकेतल्या माणसाला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात : कर्ज मागणारी आणि जामीन राहणारी. कर्ज मागणारा निदान समोर बसून रडतो तरी. जामीनदार सही करताना जो एकदा हसतो, तो पुन्हा हसताना दिसत नाही. मुळात दिसतच नाही. बावीस वर्षं काउंटरमागे बसून मिळवलेलं हे ज्ञान घरी उपयोगी पडेल, असं आमच्या सौ.ला कधीच वाटलं नव्हतं. ते पडलं आईच्या गुडघ्याच्या वेळी.

गुडघा बदलणं हल्ली चष्म्याची काच बदलण्याइतकं सोपं झालंय म्हणतात. सर्जन एका सकाळी नवा बसवून मोकळे होतात. पण नवा गुडघा नव्या जावयासारखा असतो. पहिल्या काही आठवड्यांत वाकवला नाही, तर पुढे कुणाचंच ऐकत नाही. सांधा आखडतो. खुर्चीतून नीट उठायचं तर तो नव्वद अंशांच्या पुढे वाकायला हवा. तेव्हा रोज व्यायाम करवून घेणारी फिजिओथेरपिस्ट हवी; आणि तीही घरी येणारी.

कारण आम्ही राहतो वाघोलीत. 30 जून 2021 रोजी आणखी बावीस गावांबरोबर वाघोली पुणे महापालिकेत गेली, त्यामुळे कागदोपत्री आम्ही पुणेकर. पण पेठेत 'वाघोली' म्हटलं की समोरचा गृहस्थ अजून 'मुक्कामालाच आलात का?' अशा नजरेनं बघतो. त्यात केसनंद फाट्याची कोंडी. तिथून रिक्षानं रोज दवाखाना गाठायचा, तर ऑपरेशन झालेल्या गुडघ्याबरोबर न झालेलाही आखडावा.

म्हणून ब्यूरो. पहिल्या ब्यूरोवाल्यानं फोनवरच पॅकेज सांगितलं. "महिन्याचे आगाऊ भरा, वीस टक्के सूट. वर आजोबांचं बीपी फ्री."

"वडील वारले," मी म्हटलं.

"मग तुमचं तपासू."

दुसऱ्याला मी विचारलं, "येणाऱ्या बाईंचा नोंदणी क्रमांक मिळेल?"

"साहेब, आमच्याकडे सगळे अनुभवी आहेत."

वास्तविक फिजिओथेरपीची पदवी घ्यायला चार वर्षांहून जास्त लागतात. 2002 च्या कायद्यानं महाराष्ट्रात त्यांच्या नोंदणीसाठी परिषद झाली, 2021 मध्ये देशाचाही कायदा आला. आमच्या सोसायटीच्या गेटवर डुलक्या घेणारा वॉचमन पाठवायलासुद्धा एजन्सीला 2005 च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. आणि आईचा गुडघा हातात घेणाऱ्याला नुसता 'अनुभव'?

"बरं, रोज एकच बाई येतील ना?"

"जी मोकळी असेल ती येईल."

म्हणजे सोमवारी कितपत वाकला हे मंगळवारी फक्त गुडघ्यालाच ठाऊक!

तिसरा ब्यूरो एक बाई चालवत होत्या. मी प्रश्नांची यादी काढून बसलो, तर त्यांनीच सुरुवात केली. ऑपरेशनची तारीख? डिस्चार्ज कार्ड आहे? सर्जननी काय करायला मनाई केलीय? पोटरीला सूज, ताप? कार्डाचा फोटो आल्याशिवाय कुणाला पाठवणार नाही म्हणाल्या. नोंदणी क्रमांक मी न मागताच आला. शेवटी म्हणाल्या, "आमची मुलगी एकटी येते. त्या वेळी घरात कोण कोण असतं?"

बावीस वर्षं लोकांचं केवायसी करणाऱ्या माणसाचं त्यांनी पाच मिनिटांत केवायसी केलं. तिथेच मला कळलं, की हा जामीनदार दोन्ही बाजूंनी सही करणारा आहे. मुलीची हमी मला, आणि माझी मुलीला.

मुलगी आली. पहिल्याच दिवशी कोनमापक लावून तिनं वहीत लिहिलं : बासष्ट. माझ्या यादीत नसलेला प्रश्न मात्र आईनंच विचारला. "पगार वेळेवर देतात का गं पोरी?"

"पाच तारखेला, आजी. आणि वाघोलीचे थोडे जास्त देतात, जाण्यायेण्यात दोन तास मोडतात म्हणून."

आईनं माझ्याकडे पाहिलं. ब्यूरो पारखायची याहून सोपी रीत नाही. जो आपल्या माणसाचे दोन तास मोजतो, तो आपल्या आईचे अंशही मोजतो. ज्याच्याकडची माणसं पगारासाठी खोळंबतात, त्याच्याकडे आपला गुडघाही खोळंबणार.

पाचव्या आठवड्यात मुलगी बहिणीच्या लग्नाला गावी गेली. ब्यूरोचा फोन दोन दिवस आधीच आला, आणि बदली बाई आल्या त्या वहीतला शेवटचा आकडा पाठ करूनच. परवा तो आकडा एकशे सहावर गेला. मला बी. कॉम.ला अकाउंट्समध्ये याच्या निम्मे मिळाले, तेव्हा आईनं पेढे वाटले होते. या वेळी मी वाटले.

पेढे संपायच्या आत बाईंचा फोन. "आता रोजची गरज नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. उगाच पैसे कशाला घालवता?"

गिऱ्हाईकाला आपणहून कमी पैसे भरायला सांगणारी संस्था मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. आमची बँक धरून.