ट्रकवरची खोली चाकांवर आली

आमच्या अंगणात लिंबाखाली एक पत्र्याची खोली आहे. दहा फूट लांब, साडेसहा फूट रुंद. नवखा पाहुणा तिला कोंबड्यांचे खुराडे समजतो, आणि त्यात त्याची चूक नाही. वर्षातले अकरा महिने ती खुराडेच असते. बाराव्या महिन्यात ती पंढरपूरला जाते.

आबांनी १९८३ साली एक जुना १२१० ट्रक घेतला. कांदा, गूळ, कधी विटा, मिळेल ते भाडे करायचे. ज्येष्ठ सरत आला की मात्र भाडे बंद, ट्रक दिंडीचा. त्या एका महिन्यासाठी आबांनी गावच्या सुताराकडून ही खोली करून घेतली होती. खाली बाभळीच्या दोन तुळया, वर सागाची चौकट, बाहेरून पत्रा. आत एका अंगाला पिठामिठाचे कप्पे, दुसऱ्या अंगाला फळ्यांचा बाक. मुक्कामाला गाडी उभी राहिली की रात्री त्या बाकावर दिंडीतल्या म्हाताऱ्या बायका पाठ टेकायच्या. ट्रकचा फाळका पाडला की तोच ओटा आणि तेच स्वयंपाकघर.

लिंबाच्या खांद्यांना दोन चेन-पुल्या बांधून खोली उचलायची, ट्रक मागे घेत तिच्याखाली आणायचा आणि खोली हळूच हौद्यात सोडायची. वारीहून परत आले की सगळे उलटे. तो दिवस बघायला पोरे शाळा बुडवत.

२०१४ नंतर तो ट्रक रस्त्यावर नेण्याजोगा राहिला नाही. भंगारवाल्याने नेला त्या दिवशी आबा सकाळीच मळ्यात गेले ते तिन्हीसांजेला परतले. खोली तेवढी राहिली. दिंडीचे सामान भाड्याच्या टेम्पोने जाऊ लागले. पुढे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे कोरोनामुळे पायी वारीच झाली नाही. पादुका एसटीने पंढरीला गेल्या. त्या दुसऱ्या वर्षी आषाढीच्या दिवशी आबा कोंबड्या हाकलून खोलीच्या दारात बसले होते. टाळ मांडीवर, पण वाजवत नव्हते. मी तेव्हाच मनात घेतले, पुढच्या वारीला ही खोली रस्त्यावर काढायचीच.

ट्रक नव्हता, ट्रॅक्टर होता. शेजारच्या गावात एका आखाची जुनी ट्रॉली पडून होती. हौदा गंजून गेलेला, पण सांगाडा आणि आख धड, चाकांना ७.५०-१६ चे टायर. हौदा कापून टाकायचा आणि त्याजागी खोली बसवायची. मला वाटले आठवड्याचे काम. लागले दोन महिने.

खोली ट्रकमध्ये तीस वर्षे तगली ती स्वतःच्या बळावर नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळले. ट्रकच्या दोन्ही बाजूंनी तिला कवेत धरले होते. ट्रॉलीवर तिला धरणारे कोणी नाही. नुसते खांदा लावून ढकलले तरी चौकट तिरपी व्हायची, काड्यापेटीचे बाहेरचे टरफल दाबल्यावर होते तशी. मग प्रत्येक भिंतीला आतून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लोखंडी पट्टी तिरकस मारली, आणि तुळया आठ यू-बोल्टांनी सांगाड्याला आवळल्या. खालच्या फळ्या कोंबड्यांच्या कृपेने कुजल्या होत्या, त्याही बदलल्या.

खरी चूक झाली ती पुढेच. वेल्डिंगवाल्याने विचारले, आख कुठे घेऊ? मी म्हटले, बरोबर मधोमध. दिसायला छान दिसत होते. पाचशे लिटरची पाण्याची टाकी मी मागच्या दाराशी बसवली, बायकांना नळ हाताशी यावा म्हणून. शेगड्या, पातेली, काहिली, तेही मागेच. आबा बाजेवरून म्हणाले, "तागडी करतोस का गाडी?" मी उत्तर दिले नाही. म्हाताऱ्या माणसाला नव्या कामात खोट दिसतेच, असे मनात म्हटले. त्याची लाज मला आजही वाटते.

टाकी भरून, भांडी चढवून आम्ही कालव्याच्या पुलापर्यंत फेरी मारायला निघालो. ट्रॅक्टरने जरा वेग घेतला तशी खोली डावी-उजवी डोलू लागली. जणू मागून कोणी शेपूट धरून हलवतो आहे. हळूहळू घरी आलो. थोरला मुलगा हूकची पिन काढायला वाकला. पिन निघाली मात्र, दांडी सणकन वर आली आणि त्याच्या हनुवटीला चाटून गेली. चार टाके पडले. चार बोटे पुढे वाकला असता तर काय, हा विचार त्या रात्री आम्हा दोघा नवरा-बायकोला झोपू देत नव्हता.

आबा ओरडले नाहीत. सकाळी काठी टेकत ट्रॉलीपाशी आले नि म्हणाले, "उलाळ हाय गाडी. बैल असते तर जू वर जाऊन त्यांच्या गळ्याला फास बसला असता. तू बैलगाडी हाकलीस की रं! इसरलास?"

विसरलोच होतो. बैलगाडी भरताना ओझे आखाच्या थोडे पुढे घ्यायचे, म्हणजे जू बैलांच्या मानेवर हलके दबून राहते. फार पुढे घेतले तर माने जायच्या. हे लहानपणी हाताला ठाऊक होते. लोखंड आले, चाकात हवा आली, आणि मला वाटले हिशेब बदलला. ट्रकला तो लागत नव्हता, कारण त्याला पुढे-मागे चाके. आता खोली एकाच आखावर होती, म्हणजे ती पुन्हा बैलगाडी झाली होती.

आख सव्वा फूट मागे सरकवला. टाकी उचलून बरोबर आखावर आणली. नळाला लांब पाइप जोडला. ही टाकीची जागा आबांनीच सांगितली. पाणी रोज भरते आणि रोज संपते. ते आखावर असले की भरलेले काय नि रिकामे काय, पुढचा भार तोच राहतो.

मग सगळे भरून कारखान्याच्या वजनकाट्यावर नेले. आधी ट्रॉली सोडून, पुढे घोडी लावून, एकटी काट्यावर घेतली: एकोणीस क्विंटल. मग ट्रॅक्टर जोडून, ट्रॅक्टर काट्याच्या बाहेर आणि ट्रॉलीची चाके काट्यावर: सोळा क्विंटल सत्तर किलो. उरलेले दोनशे तीस किलो हूकवर. अशा एका आखाच्या गाडीला एकूण वजनाच्या शेकडा दहा ते पंधरा हूकवर असावे. कमी झाले की शेपूट हलते, फार झाले की चढाला ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी एकदा असे वजन करून पाहावे, अर्धा तास लागतो.

ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, ती केली. मागे लाल रिफ्लेक्टर लावले. आत माणूस बसवायचा नाही हे मी आधीच सांगून टाकले. कायदाही तेच सांगतो. एक आजी रुसल्या. "रातीला झोपायला चालते, दिवसा बसाया का नको?" त्यांना हनुवटीचे टाके दाखवले.

२०२२ च्या वारीत दिवे घाट आम्ही पहाटेच खालच्या गिअरमध्ये चढलो, दोन्ही ब्रेक एकत्र जोडून. खोली डोलली नाही. आबांना पायी चालवत नव्हते, ते घरी. पण रोज रात्री फोन. "पीठ किती राह्यलं?" दिंडीतल्यांना वाटे, म्हाताऱ्याला आमच्या जेवणाची केवढी काळजी! पीठ, तांदूळ, डाळ पुढच्या कप्प्यांत होती आणि ती रोज कमी होत होती. लोणंदला आबांनी फोनवरच सांगितले, मागची काहिली पुढं घ्या. माळशिरसला सरपण पुढे आले, वेळापूरला तंबूचे लोखंडी खुंटे.

वाखरीला आबा एसटीने आले. रिंगण सुरू व्हायला वेळ होता. दांडी घोडीवर टेकवलेली होती. त्यांनी काठी माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी दांडी वर उचलून पाहिली. ती हलली नाही. "हं," म्हणाले, आणि पिशवीतून टाळ काढले.

घरी आल्यावर खोली ट्रॉलीवरच लिंबाखाली लावली. ती आता दोन-तीन फूट उंच झाल्याने कोंबड्या दोन दिवस खालीच फिरत राहिल्या. तिसऱ्या दिवशी आबांनी एक फळी तिरपी लावून दिली.