पाठीवरचे ओझे : पारो ते थिम्फू, सरोवरांच्या वाटेने

भूतानमधील पारो आणि थिम्फू या दोन शहरांमधील अंतर मोटारीने सुमारे दीड तासाचे आहे. तेच अंतर डोंगरमाथ्यावरून पायी तोडायचे म्हटले, तर पाच-सहा दिवस लागतात. या वाटेला ‘द्रुक पाथ’ म्हणतात. भूतानी लोक आपल्या देशाला ‘द्रुक युल’, म्हणजे मेघगर्जना करणाऱ्या ड्रॅगनची भूमी, असे संबोधतात. त्यावरूनच हे नाव आले. वाटेवर गाव नाही, दुकान नाही, धर्मशाळा नाही. आहेत ती सूचिपर्णींची आणि ऱ्होडोडेंड्रॉनची अरण्ये, चार हजार मीटरच्या आसपासची निळीशार सरोवरे आणि अखेरीस थिम्फूच्या माथ्यावर वसलेला फाजोदिंगचा मठ. मुक्काम तंबूत करावा लागतो आणि तंबू, शिधा, भांडी, अंथरूण-पांघरूण हे सारे घोड्यांच्या पाठीवरून न्यावे लागते.

सांगली-कोल्हापूरकडील बारा श्रावक-श्राविकांचा एक गट दिवाळीनंतर, म्हणजे महावीर निर्वाणोत्सव घरी साजरा करून, या वाटेने गेला. गटात तिशीतील अभियंते होते, तसेच साठी ओलांडलेले निवृत्त शिक्षकही होते. सर्वांत ज्येष्ठ असलेल्या बाईंना सारे आक्का म्हणत. आक्का आणि आणखी चौघांचा रात्रिभोजनत्यागाचा नियम होता. कंदमुळे तर गटात कोणालाच चालत नव्हती. नोव्हेंबरमध्ये त्या प्रदेशात सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी दोन घटिका जेवण उरकायचे, तर साडेचारला ताट वाढलेले हवे. घरी हे सहज जमते. परंतु दिवसभर चालून, मोकळ्या माळावर तंबू ठोकून, चूल पेटवून ते साधणे ही निराळी गोष्ट असते.

उंचीची सवय व्हावी म्हणून गट दोन दिवस पारोमध्ये राहिला. पारो समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. त्या मुक्कामात सर्वांनी कड्याला बिलगलेला ताकत्सांगचा मठ चढून पाहिला. १६९२ मध्ये बांधला गेलेला हा मठ ३,१०० मीटरवर असल्याने पुढील चढाईची ती चांगली पूर्वतयारी ठरली.

प्रस्थानाच्या सकाळी घोडेवाल्याने सामान पाहिले आणि तो गप्प झाला. बिनलसणीचे भडंग, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, डिंकाचे लाडू, मेतकूट, मूगडाळ. परदेशात खाण्याचे हाल होऊ नयेत म्हणून प्रत्येक घराने आपापला डबा भरला होता. त्याखेरीज घडीच्या खुर्च्या, जादा रजया, दोन-दोन जोडी बूट. घोडेवाल्याने एकेक गाठोडे हाताने उचलून तोलले, डावी-उजवी बाजू जुळवली आणि आणखी दोन घोडे हवेत असे सांगितले. आयत्या वेळी ते मिळेनात. तेव्हा ओझे आहे त्याच घोड्यांवर वाटण्यात आले आणि काफिला निघाला.

पहिला दिवस खड्या चढाचा होता. सुमारे साडेतीन हजार मीटरवर जेले झोंगचे जुने देवालय लागते. झोंग म्हणजे किल्लेवजा वास्तू. तेथून खाली पारोचे खोरे, भातखाचरे आणि विमानतळाची बारीक पट्टी दिसते. त्या दिवशी चाल थोडी होती, त्यामुळे वेळ साधली. दुसऱ्या दिवशी मात्र ती चुकली. वाट अरण्यातून, कधी गोठलेल्या चिखलातून, वरखाली जात होती. माणसे तीनपर्यंत जांगचुलाखाच्या कुरणावर पोहोचली. उत्तरेस जोमोल्हारीचे सात हजार मीटरहून उंच हिमशिखर उन्हात झळकत होते. परंतु घोड्यांच्या घंटा ऐकू येईनात. लादलेले घोडे चढावर पुन्हा पुन्हा थांबत होते. स्वयंपाकाचे सामान आले तेव्हा सूर्य मावळला होता.

आक्कांनी आणि नियम असलेल्या चौघांनी त्या रात्री जेवण घेतले नाही. थंडी शून्याखाली उतरली होती. आचारी भूतानी बौद्ध होता. आपल्या हातून पाच माणसे उपाशी राहिली, हे त्याच्या मनाला फार लागले. तो पुन्हा पुन्हा येऊन निदान गरम दूध तरी घ्या, असे विनवीत राहिला. आक्कांनी त्याला समजावले, ‘‘तुमचा काही दोष नाही, बाबा. नियम आमचा, तो आम्हीच सांभाळायचा.’’ इतरांना वाटले, विषय येथे संपला.

तो संपला नव्हता. तंबूबाहेर घोडेवाला अंधारात घोड्यांच्या तोंडाला दाण्याच्या पिशव्या बांधीत होता. स्वतः जेवण्यापूर्वी जनावरांना खाऊ घालायचे, हा त्याचा रोजचा क्रम होता. त्यानंतर तो विजेरीच्या उजेडात एकेकाच्या पाठीवरून हात फिरवून पाहत होता. एका घोड्याच्या खोगिराखालची कातडी सोलवटली होती.

सकाळी आक्कांनी सर्वांना बसवून एवढेच विचारले, की अहिंसाणुव्रताचे अतिचार कोणाला आठवतात काय. निवृत्त शिक्षकांना ते पाठ होते : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रातील ही नावे पाठशाळेत सर्वांनीच घोकलेली. परंतु घरी कोणाच्या दारात बैल उरला नाही, तेव्हापासून ‘अतिभारारोपण’ हा केवळ परीक्षेतील शब्द झाला होता. मुक्या प्राण्यावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे, हा तो दोष. पाचवा अतिचार, म्हणजे आश्रित प्राण्याला अन्नपाण्यावाचून ठेवणे, घडू नये याची काळजी तो घोडेवाला काहीही न शिकता घेत होता. चौथा अतिचार मात्र सूत्र पाठ असलेल्यांकडूनच घडला होता. आणि गंमत अशी, की ज्या डब्यांसाठी तो घडला, त्यांच्याच भाराने घोडे मंदावले आणि व्रती उपाशी राहिले.

मग सामान उलगडले गेले. याक घेऊन खाली उतरणारे गुराखी जवळच मुक्कामाला होते. खुर्च्या, रजया आणि निम्म्याहून अधिक खाऊ त्यांना देऊन टाकण्यात आला. तरुणांनी आपापल्या झोळ्या स्वतःच्या पाठीवर घेतल्या. सोलवटलेल्या घोड्याला मोकळे चालू दिले. आचारी स्वयंपाकाचे सामान घेऊन सर्वांच्या आधी निघाला आणि त्या दिवसापासून चारच्या सुमारास मूगडाळीची खिचडी किंवा पारोचा लाल भात तयार राहू लागला. मिरच्या आणि छुर्पीसारखे घरगुती ‘दात्शी’ पनीर एकत्र शिजवून केलेली एमा दात्शी ही भूतानची आवडती भाजी. ती त्याने लसणावाचून करून वाढली. पाणी गाळून आणि उकळूनच वापरले जाई. त्या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या जवळपासच उकळते, त्यामुळे डाळ शिजायला वेळ लागतो. म्हणून ती सकाळीच भिजत घातली जाई.

तिसऱ्या दिवशी जिमिलांग त्सो आले. त्सो म्हणजे सरोवर. सुमारे ३,९०० मीटरवर, चहूबाजूंनी उतार असलेल्या खोलगटात हे पाणी निश्चल पडून असते. काठाला पातळ बर्फ धरलेला, मध्यभागी गडद निळाई. या पाण्यातून एक बैल बाहेर आला आणि गुराख्यांच्या कळपात मिसळला, अशी स्थानिक कथा आहे. सरोवराचे नावही त्यावरूनच पडले. भूतानी लोक अशा सरोवरांना देवतांचे निवासस्थान मानतात. त्यांत घाण टाकणे, काठावर मोठ्याने ओरडणे त्यांना खपत नाही. पुढे जाने त्सो आणि ४,१०० मीटरवरील सिमकोटा त्सो अशी आणखी सरोवरे भेटतात. त्या वाटेवर माणसाचा वावर इतका थोडा, की स्वतःच्या श्वासाचा आवाजही मोठा वाटतो.

फुमे ला ही सुमारे ४,२०० मीटरची खिंड वाटेतील सर्वोच्च टप्प्यांपैकी एक. हवा स्वच्छ असेल, तर या भागातून गंगखर पुएनसुम दिसते. ७,५७० मीटर उंचीचे हे शिखर माणसाने न चढलेले जगातील सर्वांत उंच शिखर मानले जाते. भूतानने १९९४ मध्ये सहा हजार मीटरवरील शिखरांवर चढाईस बंदी केली आणि २००३ पासून गिर्यारोहणच बंद केले. शिखरे देवतांची, ही श्रद्धा त्यामागे आहे. जैन श्रावकाला हा विचार परका वाटू नये. दिग्व्रतात श्रावक आपल्या गमनाची सीमा ठरवतो आणि वरच्या दिशेची मर्यादा ओलांडणे, ऊर्ध्वव्यतिक्रम, हा त्या व्रताचा अतिचार मानला आहे. येथे एका संपूर्ण राष्ट्राने ‘येथवरच, याच्यावर नाही’ असे म्हटले आहे. देशाची किमान साठ टक्के भूमी सदैव वनाच्छादित राहील, हे बंधनही त्याच राष्ट्राने २००८ च्या संविधानात लिहून ठेवले आहे.

फाजोदिंग मठ उतारावर, झाडीच्या वरच्या कडेला आहे. तेराव्या शतकात तिबेटमधून आलेले फाजो द्रुगोम शिगपो यांनी येथे ध्यान केले; द्रुकपा परंपरा भूतानात रुजवणारे ते सत्पुरुष. आजच्या वास्तूंपैकी बऱ्याच अठराव्या शतकातील आहेत. लाल वस्त्रांतील लहान मुले येथे शिकतात. स्तूपाला उजव्या हाती ठेवून प्रदक्षिणा घालण्याची रीत पाहून आक्कांना घरच्या मंदिराची आठवण झाली. एका तरुणाने मात्र मार्गदर्शकाला स्पष्टच विचारले, की करुणेचा हा धर्म मांसाहार कसा चालवतो. मार्गदर्शकाने काही लपवले नाही. आमच्याकडे मांस खाल्ले जाते, मात्र भूतानी पंचांगाच्या पहिल्या आणि चौथ्या पवित्र महिन्यांत त्याची विक्री बंद असते, असे त्याने सांगितले. तरुणाला हे उत्तर अपुरे वाटले आणि जैन दृष्टीने ते अपुरे आहेच. परंतु त्याने पुढे वाद घातला नाही. जांगचुलाखाची रात्र त्याच्या ध्यानात होती.

तेथून तीन तासांच्या उतारानंतर थिम्फू लागले. मोतीथांगजवळ घोड्यांची खोगिरे उतरली. जखमी घोड्याच्या पाठीवर खपली धरली होती.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि वसंत ऋतू हे योग्य काळ होत. भारतीयांना व्हिसा लागत नाही; पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून परवाना मिळतो. २०२२ पासून प्रत्येक रात्रीसाठी प्रतिव्यक्ती १,२०० रुपये शुल्क आकारले जाते. भूतानी न्गुल्त्रुम आणि रुपया यांचे मूल्य समान असल्याने हिशेब सोपा आहे. रात्रिभोजनत्यागाचा नियम असल्यास तो आचाऱ्याला निघण्यापूर्वीच सांगावा आणि मुक्काम तीनच्या आत गाठता येईल, असे टप्पे आखावेत. भरलेली पिशवी घरच्या काट्यावर ठेवून पाहावी. त्यातील किती ओझे स्वतःच्या पाठीवर घेऊन चार हजार मीटर चढता येईल, हे ठरवावे आणि उरलेले कोणाच्या पाठीवर जाणार आहे, याचा विचार घरीच करावा.