न विचारलेला प्रश्न

काजूचा हंगाम आला की आमच्या सत्तरी तालुक्यातील मुले पहाटे आईवडिलांबरोबर डोंगरावर जातात, बोंडे वेचतात आणि मग धापा टाकीत शाळा गाठतात. २०१६ सालच्या हंगामात नववीतील एक विद्यार्थिनी आठवडाभर दिसली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेले. तिचे वडील तापाने फणफणत होते. एका डॉक्टरांनी साधा ताप समजून गोळ्या दिल्या होत्या. मी असतानाच आरोग्यकेंद्रातील परिचारिका आली. तिने प्रथम विचारले, "तुमच्या काजूबागेत एखादे माकड मरून पडले होते का?"

मुलगी चटकन उत्तरली, "होय, गेल्या आठवड्यात!"

रक्त तपासले गेले, माकडतापाचे निदान झाले आणि रुग्णालयातील शुश्रूषेने ते बरे झाले. नंतर ती मुलगी मला म्हणाली, "बाई, मला ठाऊक होते, पण कोणी विचारलेच नाही."

हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेला. त्याचा विषाणू गोचिडीच्या चाव्याने माणसाच्या अंगी येतो. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी तेथेच पाचोळ्यात उतरतात. माणसाची शेते-बागा रानात शिरल्या, तशा या गाठीभेटीही वाढल्या. म्हणजे मेलेले माकड ही रानाने धाडलेली आगाऊ सूचनाच होय. ती वाचावयास डॉक्टर, पशुवैद्य आणि वनरक्षक यांनी एकमेकांशी बोलले पाहिजे. आणि ही सवय वैद्यकाच्या शिक्षणातच लागली पाहिजे.

इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगितले, की रोग्याला त्याचा धंदा कोणता हेही विचारावे. आज त्यापुढे आणखी एक प्रश्न जोडावयास हवा: तुझ्या भोवतालचे रान, पाणी आणि हवा यांत अलीकडे काय बदलले?

ती मुलगी आता परिचारिका झाली आहे. तुमच्यापैकीही काहीजण उद्या डॉक्टर, परिचारिका होतील. पोथीतले ज्ञान तुम्हांला तेथे मिळेलच. परंतु कोणता ओहोळ केव्हा आटतो, कोणत्या झाडावर माकडे येतात, हे तुम्ही येथूनच शिकून जाता. शहरात गेल्यावर ते विसरू नका. आणि रोग्याच्या उशाशी बसलेल्या मुलालाही एक प्रश्न अवश्य विचारा.