चारी चाकांचें बळ

आमच्या कुटुंबाचें माहेर आंबोलीच्या बाजूस आहे. आषाढांत तेथील निसरड्या चढावर मोटारीचीं पुढलीं चाकें जागच्या जागीं फिरत राहतात. आणि वृद्ध मातोश्रींस भेटण्यास जाणें तर टळत नाहीं. तेव्हां चारही चाकांस जोर पोंचविणारी एखादी वापरलेली मोटार घ्यावी, असें आम्हीं ठरविलें.

पहिली गाडी पाहतांच आम्ही मोहित झालों. रंग उजळ, गाद्या नव्या, भाव माफक! कुटुंबानें मात्र खालीं वाकून टायर निरखले. दोन नवे, दोन झिजलेले. अशा गाडींत पुढल्या व मागल्या चाकांच्या घेरांत फरक पडला, कीं जोर वांटून देणारी यंत्रणा सदैव ताणाखालीं राहते व लौकर बिघडते. विकणारे गृहस्थ ह्याविषयीं मौन धरून होते. पस्तीस वर्षें आम्हीं मुलांस व्याकरण शिकविलें. परंतु विशेषणास भुलून विशेष्य विसरण्याची चूक आमच्याच हातून घडत होती.

पुढली गाडी पाहतांना दुरुस्तीची नोंदवही, तळाचा गंज व तेलाची गळती हीं आधीं तपासलीं, रंग शेवटीं. आणखीही एक गोष्ट उमगली. चारी चाकांचें बळ चढावर कामास येतें. उतारावर गाडी थांबविणें हें ब्रेक व टायर ह्यांचेंच काम. म्हणून गाडी थोडी जुनी घेतली आणि वांचलेल्या पैशांत चारही टायर नवे बसविले.

परवां भर पावसांत कुटुंब एकटेंच जाऊन सुखरूप परत आलें. वाचकहो, जो गाडी हांकणार त्यानेंच ती पारखावी, हें आम्ही साठी उलटल्यावर शिकलों.