विहिरीतील लाट

लाटेला समुद्रच लागतो असे नाही. वैशाखात पारा 45 अंशांवर गेला म्हणजे मोर्शी-वरूडच्या संत्र्याच्या बागांतील जुन्या मोटेच्या विहिरींवर जी गर्दी लोटते, तिच्या उड्यांनी ते एवढेसे पाणी असे खवळून उठते की, त्यात अर्धा तास सुखाने पोहणे हा पोहण्याच्या विद्येतील सर्वांत नाजूक भाग होय, असे मी निःशंकपणे म्हणेन. दर्यापूर-अकोल्याकडील खारपाण पट्ट्यात विहिरीला पाणी लागले तरी ते मचूळ, म्हणून तेथे अशा विहिरी विरळच. तिकडची पोरे सुट्टीत मामाच्या गावी येतात आणि पाठीला सुका भोपळा बांधून येथेच पाण्याला सरावतात.

समुद्राची लाट दुरून, बहुधा एकाच दिशेने येते आणि लांब असल्यामुळे सारा देह उचलून पुन्हा अलगद खाली ठेवते. विहिरीतील लाट अंगापेक्षा आखूड. ती उचलीत नाही, केवळ तोंडावर आदळते. शिवाय बांधीव गोल भिंत तिला परतवून लावते, आणि एखादा पोरगा मध्याच्या थोडा अलीकडे पडला तर त्याच्या उडीची वर्तुळे भिंतीवरून उलटून मध्याच्या पलीकडे पुन्हा एकवटतात, व तेथे निर्धास्त तरंगणाऱ्याच्या नाकात, जवळपास कोणी उडी मारलेली नसताना, पाणी जाते. म्हणून शिकवताना माझा पहिला दंडक असा की, हात मारण्याची घाई न करता पाय संथ हलवीत उभे राहावे, मान ताणून हनुवटी वर धरण्याचा अट्टाहास सोडावा, लाटेचा माथा ओठांवरून जाऊ द्यावा आणि त्यामागे पाणी खोलगट होताच तोंडाने श्वास घ्यावा. नाकाने घेणारा ठसकलाच.

हवाई बेटांवर, आणि आता जगभर, फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत जाणाऱ्यांचा असा दस्तूर आहे की, फुटत्या माथ्याला जो सर्वांत जवळ, लाट त्याची. इतरांनी ती सोडावी. आमच्या विहिरीवरचा दस्तूरही कोठे लिहिलेला नाही, पण तितकाच सक्त आहे : पाण्यातल्याचा हक्क पहिला, थारोळ्यावरच्याचा नंतरचा. मोटा गेल्या, पंप आले, तरी थारोळ्याच्या दगडावर पायाची बोटे रोवून उभा असलेला जाणता मुलगा खालचे पाणी मोकळे होईतो सूर मारीत नाही, आणि कोणी उतावीळपणे पुढे सरसावलाच, तर पायरीवर बसलेला म्हातारा "थांब बे, खाली पोट्टं हाय!" असे गरजतो, त्या हुकमावर अपील नसते. एकट्याने विहिरीत उतरू नये हाही त्याच दस्तुराचा भाग.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1914 पासून या प्रांताला व्यायामाची शिस्त लावली, 1936 साली त्याचे पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले, आणि त्या परंपरेविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तथापि ज्या आधुनिक तलावात काठालगतच्या पन्हळी लाटा गिळून टाकतात व दोरांनी प्रत्येकाची वाट आखून दिलेली असते, तेथे तयार झालेला वेगवान पोहणारा विहिरीत आला म्हणजे पहिल्या काही हातांतच भांबावतो, कारण पाण्याचा रोख ओळखण्याची गरजच त्याला कधी पडलेली नसते. अशाला मी शर्यत विसरायला लावतो, भिंतीपासून दोन हात अंतर राखून पाठीवर निजवतो, आणि कानाशी येणाऱ्या लाटेवरून उडी कोणत्या अंगाला पडली हे त्याने डोळे मिटून सांगितले, म्हणजे मगच मध्यावर सोडतो.