शिक्षकांच्या कपाटासाठी एक ग्रंथ

या वर्षी आपल्या शाळेच्या शिक्षक-कपाटास एक अभ्यासग्रंथ भेट द्यावा, असे मनात होते. निवृत्तिवेतनात एकच बसत होता. वाडीच्या घरी दोन ग्रंथ उसने आणून वाचले : पॅट्रिशिया पेपरनाऊ यांचा सावत्र नात्यांवरील (२०१३) आणि डॅन ओल्वेयस यांचा शाळेतील छळावरील (१९९३).

हे दोन्ही विषय एकाच बालपणात भेटतात, आणि ते बालपण आपणां सर्वांस ठाऊक आहे. रामजी सुभेदारांनी दुसरा विवाह केला. दिवंगत आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून छोटा भीम व्यथित झाला. मुंबईस पळून गिरणीत काम करावे, म्हणून आत्याची पैशांची पिशवी लांबवली, तर निघाला अर्धा आणा! तेव्हाच त्याने मन लावून शिकून स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे ठरवले. पण शाळा तरी कोठे आपली होती? साताऱ्यास वेगळे गोणपाट. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलात तो फळ्याकडे निघताच मुलांनी फळ्यामागचे डबे हलवले.

वारंवार होणारा त्रास आणि बळाची विषमता, ही ओल्वेयस यांची छळाची व्याख्या. नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर तेथील शाळांत जी मोहीम झाली, तिच्यातून हे काम वाढले. डबे हलवणाऱ्या मुलांचे बळ मात्र त्यांच्या मनगटात नव्हते, ते गावाने त्यांना दिले होते. त्यामुळे ओल्वेयस मला तेथे अपुरे वाटतात.

पेपरनाऊ अधिक आवडल्या, हे सांगितलेच पाहिजे. नव्या आईवर माया केली तर पहिलीशी बेइमानी होईल, या भयाने मूल घट्ट होते, असे त्या दाखवतात. वसतिगृहाचा अधीक्षक असताना दिवाळीच्या सुटीत घरी जायचे नाव न काढणारी मुले मी पाहिली आहेत.

तरीही निवडले ओल्वेयसच. घरी काय चालते, तेथे आपला हात पोचत नाही. रात्री दहानंतरची खोली मात्र पूर्णपणे आपली जबाबदारी असते. कोण कोणाची गादी ओली करतो, कोणाचा साबण नाहीसा होतो, हे अधीक्षकानेच पाहायचे.

पेपरनाऊंच्या ग्रंथातील मुलांविषयीच्या भागाचे टिपण मी मराठीत, दोनशे पानी वहीत उतरवले आहे. ती वहीही त्याच कपाटात, खालच्या फळीवर ठेवली आहे.