धवला

पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात, रोहा म्हटलं की कुंडलिका. मला दोन्हीकडे आठवतो तो लग्नाच्या मांडवातला एक संथ, लांबत जाणारा सूर... धवला!

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या आगरी लग्नात धवलारीण विधी करते, तेही गाऊन. पुरोहित बाई! पुढ्यात पोथी नाही, पेटी-तबला नाही, सगळं तोंडपाठ. चाल फारशी बदलत नाही, शब्द मात्र विधीप्रमाणे बदलत जातात.

लहानपणी मला तो सूर रडवा वाटायचा. आत्याला विचारलं, तर म्हणाली, "पोर जाते ना रं!"

या नावामागचा इतिहास पुढे पुस्तकांत भेटला. धवल म्हणजे शुभ्र. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात 13 व्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात 'धवल' हा आशीर्वादाचा गीतप्रकार आहे. त्याच शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभूंनी लग्नाचा खेळ मांडला, आणि महदंबेने त्यासाठी 'धवळे' रचले. ती मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते. म्हणजे मराठी बाईची कविता सुरू झाली ती लग्नगीतापासून! कुठे वऱ्हाडातलं रिद्धपूर, कुठे आमचं पेण. पण प्रसंग तोच, गाणारी बाईच, आणि नावही तेच. आमच्या बोलीत 'ळ' टिकत नाही, एवढाच काय तो फरक.

आयर्लंडमध्ये 'स्लो एअर' नावाचा प्रकार आहे. जुन्या आयरिश गाण्याची चाल, शब्द बाजूला ठेवून, ठेक्याशिवाय बासरीवर किंवा फिडलवर वाजवतात. तिथले जाणकार म्हणतात, वाजवणाऱ्याला मूळ शब्द ठाऊक हवेत. कुठे थांबायचं ते शब्दच सांगतात.

धवल्यात तर शब्दांना हातांचीही जोड आहे. आता हळदीला डीजे असतो. मीही नाचतो, खोटं कशाला बोला! धवलारणीला मधली दहा मिनिटं मिळतात. कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करतं, सूर त्यात राहीलही. पण कुठल्या ओळीला हळद लावायची, कुठल्या ओळीला थांबायचं, हे तिच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा नातेवाईक मंडळी, पुढच्या हळदीला डीजे अर्धा तास उशिरा लावू. आणि घरातली एखादी पोर तिच्या शेजारी बसवू. बघा पटतंय का.